बिनखिळ्याची बोट

तिच्या फळ्या जोडायला एकही खिळा वापरलेला नाही. काठाला काठ भिडवून फळ्या उभ्या केल्या आहेत, काठालगत ओळीनं भोकं पाडली आहेत आणि त्या भोकांतून सुंभ ओवून सगळं अंग शिवून काढलं आहे. सांध्यांत नारळाचा काथ्या दाबून भरला आहे, वरून राळ. लांबी सुमारे 20 मीटर, रुंदी 6.5 मीटर. पोटात इंजिन नाही. डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आहेत आणि दिशा वळवायला पिछाडीला लांब वल्ही आहेत. शिडांवर दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहमुखी याळी, आणि डेकवर हडप्पाच्या धाटणीचा एक दगडी नांगर.

तिचं नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. 21 मे 2025 रोजी कारवारच्या तळावर ती भारतीय नौदलात दाखल झाली. दंतकथेतला कौंडिण्य हा समुद्र ओलांडून मेकाँग नदीच्या मुखाशी गेला आणि तिथल्या सोमा नावाच्या राजकन्येशी त्यानं लग्न केलं. नाव पुरुषाचं असलं तरी मी तिला ‘ती’च म्हणतो. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर तिची बांधणी झाली आणि सरकारदरबारी तोच तिचा जन्म. पण ती मूळची आमच्याकडची आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईत राहून मी हे म्हणतो तेव्हा ऐकणारे हसतात, कारण समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो पाहिलेला नाही. तरी मी माझा शब्द मागे घेणार नाही.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. ती ओलांडली की वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. त्यातल्या दोन नंबरच्या लेण्यात, आतल्या भिंतीवर ही बोट पंधराशे वर्षं उभी आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, कुणा चितारीनं तिला तिथं काढलं. दोन्ही टोकं उंच उचललेली, तीन उभ्या डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडं. बाजूनं लोंबणारं सुकाणूचं वल्हं. पिछाडीकडे छपराखाली ओळीनं ठेवलेले घडे. आणि नाळेशी रंगवलेला डोळा. आत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला थोडं थांबावं लागतं. मग हळूहळू छताची नक्षी उलगडते, भिंतीवरचे मातकट-तांबूस रंग वेगळे होतात आणि त्या गर्दीतून ती पुढे येते. लोक बहुतेक एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी पाहतात आणि इथं घाईनं फिरून बाहेर पडतात. तिच्यासमोर कुणी फार वेळ थांबलेलं मी पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ती ज्या गोष्टीत आहे ती गोष्टही आपल्या मातीतलीच आहे. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, एका व्यापाऱ्याला दासीच्या पोटी झालेला मुलगा म्हणजे पूर्ण. बापाच्या संपत्तीत त्याला मान नव्हता, पण व्यापाराची अक्कल त्याच्याइतकी कुणातच नव्हती. समुद्रावरून पुन्हा पुन्हा जाऊन आल्यावर तो बुद्धाकडे गेला आणि भिक्षू झाला. मागं राहिलेला त्याचा भाऊ चंदन आणायला निघाला. चंदनाच्या रानाचा राखणदार यक्ष रागावला, वादळ उठलं, बोट बुडायला आली. भावानं पूर्णाचा धावा केला आणि पूर्ण तिथं येऊन उभा राहिला. वाचलेल्या चंदनातून पुढे सोपाऱ्याला बुद्धासाठी प्रासाद बांधला असं कथा सांगते. भिंतीवरची बोट ही त्या वादळातली बोट आहे. चितारीनं तिला बंदरात विसावलेली काढलेली नाही, पाण्यात, जलचरांच्या मधोमध काढली आहे. घडे मात्र जागच्या जागी आहेत. मला त्या घड्यांचं फार अप्रूप वाटतं. वादळ दाखवताना एखादा चितारी माल विसरला असता. हा विसरला नाही, कारण बोट कशासाठी निघते हे त्याला ठाऊक होतं.

1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथं पोचला, तोवर बाहेरच्या जगाला ती माहीतच नव्हती. नंतर तिच्या नकला निघाल्या. मेजर रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून केलेली अजिंठ्याची चित्रं 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही बऱ्याच चित्रांचा 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत कोळसा झाला. नकला दोनदा जळाल्या. भिंत होती म्हणून मूळ राहिलं, आणि त्या भिंतीवरून तिनं 2023 साली पुन्हा अंग धरलं.

त्या वर्षी जुलैत संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला आणि सप्टेंबरात तिचा कणा घातला गेला. कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांची. मोठी अडचण अशी की, अशा बोटीचा नकाशा कुठंच उरलेला नाही. हातात होतं ते एका बाजूनं काढलेलं सपाट चित्र. त्यात बोटीचा तळ दिसत नाही, पलीकडची बाजू दिसत नाही, पाण्याखाली ती किती बुडते हे दिसत नाही. चितारी काही सुतार नव्हता, त्यानं माप देऊन चित्र काढलेलं नव्हतं. त्या सपाट अंगाला जाडी द्यायची, पोट द्यायचं, वाऱ्यात ती उलटणार नाही एवढं वजन खाली ठेवायचं, हे नौदलाच्या आरेखकांनी केलं. आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागानं प्रतिकृती पाण्यात घालून चाचण्या घेतल्या. आणि शिवण? ती कागदावर शिकता येत नाही. केरळचे पारंपरिक नौकाबांधणीतले उस्ताद बाबू शंकरन आणि त्यांच्या हाताखालचे कारागीर यांनी हजारो टाके हातानं घातले. ते कसब अजून काही हातांत उरलं होतं म्हणून चित्राची बोट झाली. आणखी एका पिढीचा उशीर झाला असता तर टाका घालणारं कुणी मिळालं असतं की नाही, मला शंका आहे.

आमच्या बाजारात पोती शिवणारे एक मामा आहेत. पिंपळगाव रेणुकाईचा बाजार मिरचीचा. पावसाळ्याच्या तोंडाशी हिरव्या मिरचीची आवक सुरू झाली की गावात पाय ठेवायला जागा नसते. गाड्या उभ्या, काटे सुरू, आणि सगळ्यांच्या घशात तो ठसका. मामा दाभणात सुतळी ओवतात, ठासून भरलेल्या पोत्याच्या तोंडाच्या दोन्ही कडा एका मुठीत धरतात आणि बोलता बोलता तोंड बंद करून टाकतात. मी त्यांना मोबाईलवर तिच्या शिवणीची चित्रफीत दाखवली. त्यांनी दाभण बाजूला ठेवून मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

“हे फळ्या शिवून राह्यले का सर?”

“हो मामा.”

“अन् पाणी नाई घुसत मंग?”

“सांध्यात काथ्या कोंबतात. तो भिजला की फुगतो, त्यानं फट बुजते. वरून राळ लावतात.”

त्यांनी पुन्हा पाहिलं. “याले दोघं लागतेत पाहा. एक आतून, एक भाईरून. दोरी आवळून धरायची अन् दुसऱ्यानं ठोकायची. एकट्याचं काम नाई हे.”

खरंच तसंच आहे. एक कारागीर बोटीच्या पोटात बसतो, दुसरा बाहेर. मधे लाकडाची भिंत, एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोरी आतून बाहेर जाते, बाहेरून आत येते, आणि ताण दोघांनी सारखा ठेवावा लागतो. एकाचा हात ढिला पडला की दुसऱ्याची मेहनत वाया. मी ती चित्रफीत कितीदा पाहिली होती, पण मामांच्या नजरेला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

शिवलेल्या बोटीचा स्वभाव खिळ्यांच्या बोटीहून वेगळा असतो. खिळ्यांची बोट ताठ असते, लाट आली की ती अंग कडक करून उभी राहते आणि एखादा घाव असा बसतो की फळीच फुटते. हिला नमतं घेता येतं. लाट आदळली की तिच्या फळ्या केसभर सरकतात, सुंभ ताणला जातो, पुन्हा जागेवर येतो. वाळूवर ओढून घेतली तरी तिचा तळ दुखावत नाही, म्हणून जिथं धक्के नाहीत अशा किनाऱ्यांवर शिवलेल्या बोटी शतकानुशतकं चालल्या. पण तिला सांभाळायला माणूस लागतो. सुंभ कुजतो, काथ्या झिजतो. जुन्या काळी शिवलेल्या बोटीचे टाके ठरावीक काळानं उसवून नव्यानं घालावे लागत. उन्हात कोरडी पडू दिली तर तिचे सांधे उघडतात. ती पाण्यातच बरी राहते.

तिच्या जातीला परक्यांनी नावंही ठेवली. तेराव्या शतकात मार्को पोलोनं इराणी आखातातल्या होर्मुझला अशा बोटी पाहिल्या आणि लिहून ठेवलं की या नारळाच्या काथ्यानं शिवलेल्या, माशाच्या तेलानं माखलेल्या बोटी अगदी टाकाऊ आहेत, यांत बसणं म्हणजे जिवावर उदार होणं. बिचारा व्हेनिसचा माणूस, लोखंडाच्या खिळ्यांत वाढलेला. त्याच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपोथीत शिवलेल्या बोटींची नोंद आहे आणि तिथं ती विक्रीच्या मालात आहे, चेष्टेत नाही. पोर्तुगीज आल्यावर खिळ्यांची चाल वाढली आणि शिवलेल्या बोटी मागं पडत गेल्या. 1980 साली टिम सेवेरिन यांनी ओमानमध्ये ‘सोहार’ नावाची शिवलेली बोट बांधून चीनमधल्या कँटनपर्यंत नेली, तेव्हा तिचा काथ्या लक्षद्वीपचा होता.

तिच्या नात्यातली आणखी एक बोट आहे, इसिसची. ती पाण्यात लोटली जायची तेव्हा तिच्यात एकही माणूस नसायचा. इसिस ही मुळात मिसरची देवी. अलेक्झांड्रियातून खलाशी तिला ग्रीस-रोमच्या बंदरांत घेऊन गेले आणि तिथं ती दर्यावर्द्यांची आई झाली. भूमध्य समुद्र हिवाळ्यात इतका खवळायचा की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मोठी गलबतं बंदरातच असत. समुद्र उघडायचा तो 5 मार्चला, इसिसच्या नौकेच्या सणानं. 354 सालच्या रोमन दिनदर्शिकेतसुद्धा तो दिवस नोंदलेला आहे. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तो पावसाळ्याचा खवळ उतरल्यावर. तिथं हिवाळा, इथं पावसाळा. पाण्याशी पुन्हा बोलणं सुरू करताना काहीतरी द्यावं लागतं हे दोन्ही किनाऱ्यांनी ओळखलं होतं.

त्या सणाचं वर्णन दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस या लेखकानं आपल्या कादंबरीच्या शेवटच्या भागात केलं आहे. जागा कोरिंथजवळचं केंख्रेआ बंदर. मिरवणुकीत पुढं सोंगं घेतलेले लोक, मागं पांढऱ्या वस्त्रांतल्या फुलं उधळणाऱ्या बायका. काही बायकांनी पाठीवर आरसे असे धरलेले की मागून येणाऱ्या देवीला आपल्यापुढचे भक्त आरशात दिसावेत. काहींच्या हातांत हस्तिदंती फण्या, आणि त्या हवेतच देवीचे केस विंचरल्याचे हावभाव करत चाललेल्या. मग मुंडण केलेले पुजारी, हातांत खुळखुळणारी वाद्यं. समुद्राकाठी बोट तयार. तिच्या चहूबाजूंना मिसरी चित्रं काढलेली, पिछाडी हंसाच्या मानेसारखी वळवून सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली, लाकूड घासूनपुसून चकचकीत. शिडावर नव्या वर्षाच्या सफरी सुखरूप होवोत अशी अक्षरं. मुख्य पुजाऱ्यानं पेटती मशाल, अंडं आणि गंधक घेऊन तिची शुद्धी केली, देवीला वाहिली.

आणि मग जे होतं ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच लोक पुढे सरसावतात आणि सुपं भरभरून मसाले त्या बोटीत ओततात. धान्य पाखडायचं सूपच. त्यात सुगंधी द्रव्यं, नैवेद्य. लाटांवर दुधात कालवलेलं अन्न सोडतात. बोट भरली की दोर सोडतात, वारा तिला उचलतो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत लोक काठावर उभे राहतात. मालानं भरलेली, माणसांवाचूनची बोट. त्या वर्षी समुद्रावर जाणाऱ्या सगळ्या बोटींच्या वतीनं ती एकटी पुढे जाते.

त्या सुपांतले मसाले अपुलेयस नावानिशी सांगत नाही. पण त्या काळात रोमच्या बाजारात मसाले कुठून यायचे हे उघड आहे. रोमन लेखक प्लिनीनं त्याच्या आधीच्या शतकात कुरकुर करून ठेवली होती की भारत दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेच्या रोमन बंदरात उत्खनन झालं तेव्हा सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा एक मोठा रांजण सापडला आणि त्यात साडेसात किलो काळी मिरी, तशीच्या तशी. त्याच गावात इसिसचंही देऊळ आहे. त्याच्या पुढच्या अंगणात 2022 साली संगमरवरी बुद्धमूर्ती निघाली, 71 सेंटिमीटर उंचीची. देवळात संस्कृत शिलालेख मिळाला, तिसऱ्या शतकातल्या फिलिप नावाच्या रोमन सम्राटाच्या वेळचा. आणि दोन नाणी मिळाली, सातवाहनांची, म्हणजे पैठणच्या राजांची. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इसिसच्या दारात बुद्ध आणि पैठणचा पैसा. ज्या बंदरातून बोटी भारताकडे सुटायच्या त्या बंदरात, ज्या देवीपुढे खलाशी हात जोडायचे तिच्याच अंगणात, आमच्या गोदावरीकाठचा कुणी हातात नाणं घेऊन उभा होता, किंवा त्याच्याशी व्यवहार केलेला दुसरा कुणी.

आमचं भोकरदन या सगळ्यापासून दूर नव्हतं. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनच्या माणसांची नावं दगडात कोरलेली आहेत. केळणा नदीकाठी वसलेलं हे गाव पैठण आणि उज्जैन यांना जोडणाऱ्या वाटेवर होतं. ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलं आहे की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. आणि या गावांमधून धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून माल भडोचला येतो, पैठणहून दगडी मणी करायचे खडे, तेरहून कापड. गाड्या. म्हणजे बैल, म्हणजे गाडीवान, म्हणजे पोती बांधणारे हात. समुद्रावरची प्रत्येक बोट आधी कुठल्यातरी कोरड्या रानातून भरत आलेली असते.

1973 मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तशीच मूर्ती त्याआधी 1938 साली इटलीत पाँपेईच्या एका घरात अमेदेओ मैयुरी यांना मिळाली होती. वीतभर उंचीची, दागिन्यांनी लगडलेली, दोन्ही बाजूंना एकेक दासी. तिचं साल वादात पडत नाही कारण 79 साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर बुजलं, त्यापूर्वीच ती तिथं पोचलेली असणार. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यापासून खालपर्यंत भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावा असं म्हणतात. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांच्या हातची असावी असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. काहींना ते पटत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, ते वायव्येकडे बोट दाखवतं. वाद चालू द्यावा. पाँपेईतही इसिसचं देऊळ होतं, भूकंपात पडल्यावर पुन्हा उभं केलेलं. तिथल्या बायका आरसे घेऊन देवीपुढे चालल्या असतील तर त्यांतल्या एखादीच्या हातात आमच्याकडची मूठ असू शकेल, हा विचार मी पुराव्याशिवाय करतो आणि मला तो सोडवत नाही.

कौंडिण्य 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघाली आणि 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोचली. इसिसची बोट माणसांवाचून जायची, ही माणसांना घेऊन गेली. हिवाळ्यात अरबी समुद्रावर वारा ईशान्येकडून वाहतो, जुने व्यापारी याच दिवसांत आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघत. ती वाऱ्यावरच गेली, वारा पडला तेव्हा थांबली, वारा आला तेव्हा चालली. दोन बंदरांमध्ये आज विमानाला काही तास लागतात, तिला पंधरवड्याहून अधिक लागला. पण काही गोष्टी पुस्तकात बसून कळत नाहीत. चौकोनी शीड किती कोनापर्यंत वारा धरतं, सुकाणूचं वल्हं लाटेत किती जड होतं, शिवलेलं अंग रात्री कसला आवाज करतं, हे पंधराशे वर्षांपूर्वीच्या खलाशाच्या हाताला ठाऊक होतं आणि मधल्या काळात कुणाच्याच हाताला राहिलं नव्हतं. आता काही हातांना ते पुन्हा ठाऊक आहे. या सफरीचं मोल मला तिथं दिसतं.

तिच्या स्वागताच्या बातम्या वाचताना एकच गोष्ट टोचली. गोवा आला, केरळ आलं, गुजरात आलं, ओमान आला. अजिंठ्याचं नाव आलं तेही एका ओळीत, चित्राचा उगम म्हणून. पण अजिंठा हा नुसता रंग लावलेला दगड नव्हता. त्या लेण्यांना पैसा देणारे, भिक्षूंना धान्य पुरवणारे, बंदराकडे गाड्या हाकणारे लोक या डोंगराच्या दोन्ही बाजूंना राहत होते. चितारीनं बोट इतक्या खात्रीनं काढली ती बंदरावरून आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकून, किंवा स्वतः पाहून. मराठवाड्याच्या मुलांना शाळेत दुष्काळ शिकवतात, निजाम शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवं. समुद्र मात्र कोकणाचा म्हणून सोडून देतात. माझ्या वर्गात मी तो सोडत नाही. फळ्यावर तीन डोलकाठ्यांची बोट काढतो आणि विचारतो, या घड्यांत काय असेल रे? मुलं तूप म्हणतात, पाणी म्हणतात, मध म्हणतात. दर वेळी कुणीतरी मिरची म्हणतंच. तेव्हा मी त्यांना सांगतो की मिरची तेव्हा इथं नव्हतीच, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेकडून आली. ज्या मिरचीवर आपलं गाव उभं आहे ती समुद्रावरून आलेली आहे हे ऐकून वर्ग क्षणभर गप्प होतो.

आणि ती आता समुद्रावरून परतही जाते. आमच्या बाजारातली मिरची परराज्यांत जाते, काही माल परदेशी जातो, आणि त्याचं पोतं शिवणारे मामा कधी जळगाव ओलांडून पुढे गेलेले नाहीत.

कौंडिण्य पुढच्या सफरीला निघेल तेव्हा तिच्या डेकवर भोकरदन तालुक्यातून एक सूप जावं अशी माझी इच्छा आहे. बुरडाच्या घरचं, बांबूचं, शेणानं सारवलेलं सूप. त्यात वाळलेली लाल मिरची, कारण हिरवी खाऱ्या वाऱ्यात चार दिवस टिकायची नाही. सोबत मूठभर ज्वारी आणि रेणुकाईच्या देवळातला अंगारा. नौदलाला पत्र कसं लिहितात याची मी चौकशी करतो आहे. पत्राचा मजकूर मी आधी मामांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, “सुपात काय मावते सर? एक अख्खं पोतं लिहा. तोंड मी शिवतो.”

मी सूप खोडून पोतं लिहिलं.